अनेक ऑनलाइन खाती सांभाळणे आणि एका सेवेतला मजकूर दुसऱ्या सेवेत नेणे: कामाचा योग्य क्रम

एका ईमेल खात्यातून दुसऱ्यात, एका क्लाउड सेवेतून दुसरीत किंवा एका ब्लॉगवरून दुसऱ्यावर मजकूर न्यायचा ठरला, की बहुतेक लोक आधी डाउनलोडचे बटण शोधतात. प्रत काढणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. काम बिघडते ते क्रम चुकल्यामुळे: जुन्या खात्यात शिरण्याची वाट पक्की नसताना फोन बदलला जातो, नव्या ठिकाणी काय पोहोचले हे न तपासता जुने खाते बंद केले जाते, किंवा त्या खात्याच्या भरवशावर इतर किती सेवांचे लॉगिन चालते हे बंद केल्यानंतर कळते. खालील टप्पे म्हणूनच दिलेल्या क्रमाने करावेत. मजकूर थोडा असेल तर काही टप्पे लवकर उरकतील, पण एकही गाळू नये.

टप्पा १: खात्यांची यादी करणे

एक साधा तक्ता उघडावा आणि प्रत्येक खात्यासाठी एक ओळ ठेवावी. त्या ओळीत सेवेचे नाव, लॉगिनचा ईमेल पत्ता, लॉगिनची पद्धत, रिकव्हरीसाठी (पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळवण्यासाठी) दिलेला ईमेल आणि फोन क्रमांक, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय) चालू आहे की नाही, आत कोणता मजकूर आहे आणि त्या खात्यावरून पैसे कापले जातात का, एवढ्या गोष्टी नोंदवाव्यात. पासवर्ड या तक्त्यात कधीही लिहू नयेत.

स्मरणावर विसंबून केलेली यादी हमखास अपुरी राहते. ब्राउझरने साठवलेल्या पासवर्डची यादी पाहावी, ईमेलमध्ये नोंदणीची आणि पासवर्ड बदलल्याची पत्रे शोधावीत, आणि गूगल, ॲपल, मायक्रोसॉफ्ट व फेसबुक खात्यांच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या इतर ॲप आणि सेवांची जी यादी असते, ती शेवटपर्यंत वाचावी. ‘गूगलने साइन इन करा’ असे बटण दाबून उघडलेल्या खात्यांना बहुधा स्वतंत्र पासवर्ड नसतो, त्यामुळे ती पासवर्डच्या यादीत सापडत नाहीत. आणि मूळ खाते बंद केले की अडकतात तीच.

यादी झाली की रिकव्हरीच्या रकान्याकडे बारकाईने पाहावे. पहिल्या खात्याची रिकव्हरी दुसऱ्यावर, दुसऱ्याची पहिल्यावर आणि दोन्हींचे कोड एकाच फोनवर, अशी रचना फार ठिकाणी आढळते. तो फोन हरवला तर दोन्ही दारे एकदम बंद होतात. एक मुख्य ईमेल खाते निश्चित करावे आणि त्याची रिकव्हरी इतर कोणत्याही खात्यावर पूर्णपणे अवलंबून राहणार नाही, अशी सोय पुढच्या टप्प्यात करावी.

टप्पा २: प्रवेश पक्का करणे

मजकुराला हात लावण्याआधी प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा करून पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे सर्व पासवर्ड कुलूपबंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, साठवावा. बिटवॉर्डन, कीपासएक्ससी, वनपासवर्ड यांपैकी कोणताही चालेल. निवडीपेक्षा एकाच ठिकाणी सर्व नोंदी असणे महत्त्वाचे आहे. पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्ड मात्र कागदावर लिहून सुरक्षित जागी ठेवावा.

त्यानंतर द्विस्तरीय पडताळणीचे, फोन हाती नसताना वापरायचे बॅकअप कोड काढावेत. गूगल असे १० कोड एकदम देते आणि प्रत्येक कोड एकदाच चालतो. नवा संच काढला की जुना संच रद्द होतो. हे कोड छापून ठेवणे सर्वांत उत्तम. ज्या खात्यासाठी कोड आहेत त्याच खात्याच्या ड्राइव्हमध्ये ते ठेवले तर गरजेच्या वेळी हाती लागणार नाहीत.

लॉगिनचे कोड तयार करणारे ऑथेंटिकेटर ॲप वापरत असल्यास फोन बदलण्यापूर्वी त्यातील नोंदी नव्या फोनवर न्याव्यात आणि नव्या फोनवरचा कोड वापरून प्रत्यक्ष लॉगिन करून पाहावे. नव्या ॲपमध्ये नावे दिसली म्हणजे काम झाले असे समजू नये. जुना फोन पुसायचा तो त्यानंतर.

इशारा: पासवर्ड एका मॅनेजरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी जी सीएसव्ही फाइल निघते, तिच्यात सर्व पासवर्ड उघड्या अक्षरांत असतात. ती डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहिली आणि तो फोल्डर आपोआप क्लाउडवर चढत असला, तर पासवर्डची पूर्ण यादी नकळत क्लाउडवर पोहोचते. आधी हे आपोआप चढणे (सिंक) थांबवावे, फाइल आयात करावी, नोंदींची संख्या जुळवावी, मग फाइल कायमची पुसून रिसायकल बिनही रिकामा करावा.

पडताळणी: नेहमीचा ब्राउझर सोडून खासगी विंडोमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या खात्यात पासवर्ड आणि दुसऱ्या पायरीचा कोड टाकून शिरावे. नेहमीच्या ब्राउझरमध्ये आधीपासून लॉगिन असल्यामुळे सर्व ठीक असल्याचा भास होतो.

टप्पा ३: खाती एकमेकांत मिसळू न देणे

स्थलांतराच्या काळात जुने आणि नवे खाते एकाच वेळी उघडे असते. त्यामुळे चुकीच्या खात्यात अपलोड करणे, आणि त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या खात्यातून पुसणे, या दोन चुका सर्वाधिक होतात. एकाच ब्राउझर विंडोत गूगलची दोन-तीन खाती उघडता येतात, परंतु बाहेरून आलेली लिंक बहुतेक वेळा पहिल्यांदा लॉगिन केलेल्या खात्यातच उघडते, आणि हे पटकन लक्षात येत नाही.

उपाय सोपा आहे. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या ब्राउझरांत स्वतंत्र प्रोफाइल करता येतात. जुन्या खात्यासाठी एक आणि नव्यासाठी दुसरे प्रोफाइल करावे, त्यांना नावे द्यावीत आणि विंडोचे रंग ठळकपणे वेगळे ठेवावेत. फायरफॉक्सची मल्टि-अकाउंट कंटेनर्स ही जोडसुविधा एकाच विंडोत टॅबनिहाय खाती वेगळी ठेवते, ती रोजच्या वापरासाठीही चांगली आहे. खासगी विंडो यासाठी कामाची नाही, कारण एकाच वेळी उघडलेल्या सर्व खासगी विंडो लॉगिन सामाईक वापरतात आणि बंद केल्या की लॉगिन जाते.

टप्पा ४: काय जाईल आणि काय मागे राहील, हे आधी ठरवणे

हा टप्पा सर्वाधिक वेळ मागतो आणि बहुतेक लोक तो करतच नाहीत. फाइल एका सेवेतून दुसरीत जाते. त्या फाइलभोवती तयार झालेले संबंध जात नाहीत. दस्तऐवजावरचे जुन्या आवृत्त्यांचे टप्पे, कोणाला पाहण्याची आणि कोणाला बदलण्याची परवानगी आहे ही माहिती, शेअर केलेल्या लिंक, टिप्पण्यांमधल्या चर्चा, छायाचित्रांतील व्यक्तींची ओळख, यांपैकी बरेच काही जुन्या सेवेतच राहते. गूगल डॉक्स आणि शीट्स यांच्या तर मुळात नेहमीच्या अर्थाने फाइलच नसतात. बाहेर काढताना त्यांचे वर्ड किंवा एक्सेल प्रकारात रूपांतर होते, आणि शीटमधली गूगलची खास सूत्रे किंवा जोडलेले स्क्रिप्ट पलीकडे चालत नाहीत.

दुसरा प्रश्न मालकीचा. इतरांनी तुमच्याशी शेअर केलेल्या फाइली तुमच्या यादीत दिसतात, पण त्या तुमच्या नसतात. गूगलच्या टेकआउट या मजकूर बाहेर काढण्याच्या सोयीत ‘माझ्यासह शेअर केलेल्या’ फाइली येत नाहीत. त्या हव्या असतील तर मालकाकडून नव्या खात्याला परवानगी मागावी किंवा आपली वेगळी प्रत करून घ्यावी. संस्थेच्या खात्यातून बाहेर पडताना हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण ते खाते प्रशासक कधीही बंद करू शकतो. अशा खात्यातून फक्त स्वतःचा मजकूर न्यावा आणि संस्थेचा नेण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

तिसरा प्रश्न जागेचा. गूगल १५ जीबी मोफत देते, पण ती जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून आहे. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड प्रत्येकी ५ जीबी आणि ड्रॉपबॉक्स २ जीबी देते. नव्या खात्याची जागा अर्ध्यावर संपली तर नुसते अपलोडच थांबते असे नाही. जीमेलच्या बाबतीत नवी पत्रे येणेही बंद होते. शिवाय स्वतःच्या संगणकावर झिप फाइल आणि तिच्यातून मोकळा केलेला मजकूर एकाच वेळी मावावा लागतो, म्हणून मजकुराच्या दुपटीहून अधिक जागा रिकामी ठेवावी.

टप्पा ५: निर्यात

आधी एका छोट्या भागावर चाचणी घ्यावी: एक अल्बम, ईमेलचे एक लेबल किंवा पाच-सहा लेख. तेवढे पूर्ण चक्रातून नेऊन पलीकडे कसे दिसते ते पाहिल्याशिवाय संपूर्ण निर्यात मागू नये.

शक्य असेल तिथे थेट सेवेतून सेवेत हलवण्याची सोय वापरावी. ॲपलच्या गोपनीयता पानावरून आयक्लाउडमधील छायाचित्रांची प्रत गूगल फोटोमध्ये पाठवता येते. ॲपलच्या सांगण्यानुसार त्याला ३ ते ७ दिवस लागतात. फेसबुकमध्येही छायाचित्रे व व्हिडिओ इतर सेवांकडे पाठवण्याची सोय आहे. यात स्वतःच्या इंटरनेट जोडणीवर भार पडत नाही. मात्र अशा हस्तांतरात सर्व काही जातेच असे नाही. आयक्लाउडचे स्मार्ट अल्बम आणि लाइव्ह फोटो पलीकडे पोहोचतील याची खात्री नसते.

फाइल डाउनलोड करूनच न्यायचे असेल, तर गूगल टेकआउटमध्ये भागांचा आकार निवडता येतो. जोडणी भरवशाची नसेल तर ५० जीबीचा एक भाग मागण्यापेक्षा २ किंवा ४ जीबीचे अनेक भाग मागावेत, कारण डाउनलोड तुटले तर तेवढा एकच भाग पुन्हा घ्यावा लागतो. तयार झालेली निर्यात सुमारे ७ दिवसच उपलब्ध असते आणि प्रत्येक भाग मोजक्याच वेळा डाउनलोड करता येतो. म्हणून वेळ हाताशी असेल त्याच आठवड्यात ती मागावी.

इशारा: सर्व भाग एकाच फोल्डरमध्ये मोकळे करावेत. गूगल फोटोच्या निर्यातीत छायाचित्र एका भागात आणि त्याच्या माहितीची जेसन फाइल दुसऱ्या भागात असू शकते. भाग वेगवेगळ्या फोल्डरांत उघडले की ही जोडी तुटते.

मूळ झिप फाइली एका बाह्य हार्ड डिस्कवर तशाच ठेवाव्यात आणि पुढचे सर्व काम प्रतीवर करावे.

टप्पा ६: नव्या ठिकाणी नेणे

छायाचित्रे. कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्राची तारीख बहुधा त्या फाइलमध्येच असते. स्कॅन केलेल्या आणि मेसेजिंग ॲपवरून आलेल्या छायाचित्रांत ती नसते. गूगल फोटोमध्ये तुम्ही हाताने घातलेली तारीख जेसन फाइलमध्येच येते. छायाचित्रे तशीच अपलोड केली, तर अनेक वर्षांची छायाचित्रे डाउनलोडच्या तारखेखाली गोळा होतात. एक्झिफटूल या मोफत साधनाने जेसनमधील तारीख छायाचित्रात लिहिता येते. हे अपलोडच्या आधी करावे, नंतर दुरुस्त करणे फार कष्टाचे होते. नव्या सेवेत अपलोडची गुणवत्ता ‘मूळ’ निवडली आहे का, हेही पाहावे. गूगल फोटोमधील जागा वाचवणारा पर्याय १६ मेगापिक्सेलहून मोठी छायाचित्रे लहान करतो.

ईमेल. थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये दोन्ही खाती आयमॅप पद्धतीने (पत्रे सेवेच्या सर्व्हरवरच ठेवून प्रोग्राममधून हाताळण्याची रीत) जोडून एकेक फोल्डर नव्या खात्यात नेणे ही वैयक्तिक वापरासाठी पुरेशी रीत आहे. येथे ‘हलवा’ हा पर्याय कधीही वापरू नये, ‘कॉपी’च वापरावा, मध्येच जोडणी तुटली तरी मूळ पत्रे जागेवर राहतात. जीमेलमध्ये एका पत्राला तीन लेबले असतील तर आयमॅपमध्ये ते तीन फोल्डरांत आणि शिवाय ‘सर्व मेल’मध्येही दिसते. सर्व फोल्डर आंधळेपणाने कॉपी केले तर एकाच पत्राच्या चार प्रती होतात, म्हणून लेबलांचे फोल्डर तरी न्यावेत किंवा फक्त ‘सर्व मेल’ तरी. संपर्क, कॅलेंडर आणि फिल्टर आयमॅपने जात नाहीत. संपर्क व्हीकार्ड प्रकारात आणि कॅलेंडर आयसीएस प्रकारात वेगळे काढावे.

फाइली. गूगल ड्राइव्हमध्ये एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली असू शकतात आणि नावात तिरकी रेघही चालते. इतरत्र हे चालत नाही. वनड्राइव्हमध्ये अपूर्णविराम, प्रश्नचिन्ह, तारांकन, दुहेरी अवतरण, कोनी कंस, उभी रेघ आणि दोन्ही तिरक्या रेघा नावात वर्ज्य आहेत, आणि फोल्डरांसह संपूर्ण पत्ता ४०० अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. अशा फाइली मागे राहतात किंवा त्यांची नावे बदलली जातात.

देवनागरी नावांच्या फाइलींकडे आणखी लक्ष द्यावे लागते. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइट आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, त्यामुळे काना, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून जेमतेम ८५ चिन्हांचे नाव बसते. तसेच ‘ऱ’ हे अक्षर युनिकोडमध्ये एका चिन्हानेही साठवता येते आणि ‘र’ व नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना एकच दिसणारी दोन नावे संगणकाला वेगळी वाटतात आणि एकाच फाइलच्या दोन प्रती होतात. लांबीच्या अडचणीवर नावे आखूड करणे हा खात्रीचा उपाय आहे. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर मराठीऐवजी विचित्र चिन्हे दिसली, तर ती तशीच साठवू नये; डेटा मेनूतून आयात करताना यूटीएफ-८ निवडावे, मजकूर व्यवस्थित दिसतो.

फाइलींची संख्या मोठी असेल तर आरक्लोन हे मोफत साधन दोन क्लाउड सेवांमध्ये थेट प्रत करते. त्यात ‘कॉपी’ आणि ‘सिंक’ या दोन आज्ञांमधला फरक नीट समजून घ्यावा.

इशारा: ‘सिंक’ ही आज्ञा पलीकडील फोल्डर हुबेहूब अलीकडच्यासारखा करते, म्हणजे अलीकडे नसलेले पलीकडचे सर्व पुसते. आज्ञेतील दोन्ही फोल्डरांच्या नावांची अदलाबदल झाली आणि अलीकडे रिकामे फोल्डर असले, तर पलीकडचा सर्व मजकूर जातो. स्थलांतरासाठी ‘कॉपी’ पुरेशी आहे, आणि तीही आधी काहीही न बदलता नुसती तालीम करून दाखवणाऱ्या पर्यायासह चालवावी.

ब्लॉग आणि संकेतस्थळे. वर्डप्रेसच्या निर्यातीत मिळणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये लेख, पाने आणि टिप्पण्या असतात. चित्रे नसतात, फक्त त्यांचे पत्ते असतात. आयात करताना जोडलेल्या फाइली डाउनलोड करण्याचा पर्याय निवडला तर नवे स्थळ ती चित्रे जुन्या स्थळावरून ओढून आणते, म्हणून आयात पूर्ण होईपर्यंत जुने स्थळ चालू असणे अनिवार्य आहे. हा पर्याय निवडायचा राहिला तरी लेखांत चित्रे दिसत राहतात, कारण ती जुन्या ठिकाणाहूनच येत असतात, आणि जुने स्थळ बंद झाल्यावर ती एकाच दिवशी नाहीशी होतात. नव्या लेखातील चित्रावर उजवे क्लिक करून त्याचा पत्ता पाहिला की खरी स्थिती कळते.

समाजमाध्यमे. येथे अपेक्षा मर्यादित ठेवावी. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर अनुयायी नव्या खात्यावर नेता येतात, पण जुन्या नोंदी जात नाहीत. आधी नव्या खात्यात जुन्याची ओळख नोंदवावी लागते आणि मग जुन्या खात्यातून हलवण्याची आज्ञा द्यावी लागते. बहुतेक इतर माध्यमांवर डाउनलोड केलेली प्रत हा फक्त स्वतःजवळ ठेवण्याचा संग्रह असतो, तो नव्या खात्यात भरता येत नाही.

टप्पा ७: पोहोचले का, याची तपासणी

एकूण आकार जुळला म्हणून समाधान मानू नये. फाइलींची संख्या फोल्डरनिहाय जुळवावी. सर्वांत जुनी, सर्वांत नवी आणि सर्वांत मोठी फाइल उघडून पाहावी, शिवाय मधल्या काही कुठल्याही निवडून उघडाव्यात. व्हिडिओ शेवटापर्यंत सरकवून पाहावा, कारण अर्धवट उतरलेला व्हिडिओही सुरुवातीला व्यवस्थित चालू शकतो. मराठी मजकुराच्या फाइलींत जोडाक्षरे नीट दिसतात का ते पाहावे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेले दस्तऐवज ब्राउझरमध्ये उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते, आणि ते युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय शोधातही सापडत नाहीत.

आरक्लोनची तपासणीची आज्ञा दोन्ही बाजूंच्या फाइलींच्या मजकुरावरून काढलेल्या गणिती खुणा जुळवते. दोन सेवा वेगवेगळ्या प्रकारच्या खुणा ठेवत असतील तर ती केवळ आकार जुळवते. अशा वेळी मजकूर डाउनलोड करून तुलना करण्याचा पर्याय द्यावा.

टप्पा ८: लॉगिन, पत्ते आणि लिंक बदलणे

आता पहिल्या टप्प्यातील तक्ता पुन्हा उघडावा. जुना ईमेल जिथे जिथे लॉगिन किंवा रिकव्हरी म्हणून दिला आहे, तिथे नवा पत्ता घालावा आणि ओळीसमोर खूण करावी. क्रम असा ठेवावा: बँक आणि पैशांची खाती, सरकारी सेवा, मुख्य ईमेलची रिकव्हरी, डोमेनची (संकेतस्थळाच्या नावाची) नोंदणी, मग बाकीचे. बहुतेक सेवा बदलाची खात्री जुन्या पत्त्यावर पत्र पाठवून करतात, म्हणून हे सर्व जुने खाते चालू असतानाच करावे लागते. ‘गूगलने साइन इन करा’ पद्धतीच्या खात्यांत आधी स्वतंत्र पासवर्ड तयार करावा, त्याने एकदा लॉगिन करून पाहावे आणि नंतरच जोडणी काढावी. ॲपलच्या ‘ईमेल लपवा’ सोयीने दिलेले पत्ते ॲपल खात्याशी बांधलेले असतात, तेही येथेच बदलावेत.

संकेतस्थळाच्या बाबतीत प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच लेखाच्या नव्या पत्त्याकडे ३०१ प्रकारचे कायमचे पुनर्निर्देशन लावावे. सर्व जुने पत्ते नव्या मुखपृष्ठाकडे वळवणे ही चूक आहे. वाचकाला हवा तो लेख मिळत नाही आणि शोधयंत्रेही अशा वळणाला बऱ्याचदा न सापडलेले पान समजतात.

पडताळणी: जुन्या ईमेलवर नव्या पत्त्याकडे पत्रे पुढे पाठवण्याची सोय चालू करावी आणि पुढे आलेल्या पत्रांवर वेगळे लेबल लावावे. त्या लेबलाखाली येणारे प्रत्येक पत्र म्हणजे तक्त्यातून सुटलेले एक खाते.

टप्पा ९: जुने खाते बंद करणे

घाई करू नये. काही सेवा वर्षातून एकदाच पत्र पाठवतात, म्हणून जुने मुख्य ईमेल खाते किमान वर्षभर चालू ठेवणे योग्य ठरते. या काळात त्यात अधूनमधून लॉगिन करावे. गूगल २ वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती निष्क्रिय मानते आणि डिसेंबर २०२३पासून अशी खाती पुसण्यास तिने सुरुवात केली आहे.

बंद करण्याआधी त्या खात्यावरील वर्गण्या रद्द कराव्यात, खात्यातून विकत घेतलेली ॲप आणि पुस्तके हस्तांतरित होत नाहीत हे लक्षात घ्यावे, इतरांसाठी शेअर केलेल्या फाइलींची मालकी बदलावी आणि शेवटची एक निर्यात काढून बाह्य डिस्कवर ठेवावी. फेसबुक व इन्स्टाग्राम खाते पुसण्याची विनंती केल्यावर ३० दिवसांत ती मागे घेता येते. मायक्रोसॉफ्टमध्ये ३० किंवा ६० दिवसांची मुदत निवडता येते, तिथे ६० निवडावी.

ईमेल पत्त्याबाबत एक धोका उरतो. पुसलेला जीमेल पत्ता पुन्हा कोणालाही मिळत नाही, परंतु सर्वच सेवा असे करत नाहीत. याहूने २०१३मध्ये न वापरलेले पत्ते नव्या लोकांना देण्यास सुरुवात केली होती. स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता असेल तर धोका अधिक, कारण डोमेनचे नूतनीकरण थांबले की ते कोणीही विकत घेऊन त्या पत्त्यावर येणारी पासवर्ड बदलण्याची पत्रे मिळवू शकतो. त्यामुळे ज्या डोमेनवर कधीकाळी लॉगिनचे पत्ते होते, ते संकेतस्थळ बंद केल्यानंतरही नूतनीकरण करून स्वतःकडेच ठेवावे, आणि त्यावर येणारी सर्व पत्रे नव्या खात्याकडे वळवलेली असावीत.